दाढेवरचं सोनं

आत्याला दाढेवर सोन्याची कॅप हवी होती. ती तिने घेऊ नये म्हणून मी तिच्याशी खोटं बोलले. त्या वेळी मला ते खोटं वाटलं नव्हतं, हुशारी वाटली होती.

सुचेताआत्या ही माझ्या बाबांची मोठी बहीण. आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले. पुढे आत्याही कचेरीत लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. लग्न केलं नाही. अशोका गार्डनमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. आम्ही पिपलानीत, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. तिच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल झालं तेव्हा बाबा म्हणाले, "अमू, कॅप ठरवायला तू जा तिच्याबरोबर. तुझाच विषय आहे."

विषय माझाच होता. एम.एस्सी.ला मी सिरॅमिक्स घेतलं होतं आणि ऑक्टोबरात त्यातच पीएच.डी. करायला जर्मनीला जायचं होतं. व्हिसा आला होता. आत्याला ते मी स्वतः सांगायचं, असं घरात ठरलं होतं, आणि मी रोज उद्यावर ढकलत होते.

जवाहर चौकातल्या दवाखान्यात डॉ. मालवीयांनी एका ट्रेमध्ये नमुने ठेवले. साधी धातूची कॅप, धातूवर सिरॅमिक चढवलेली, आणि पूर्ण सिरॅमिकची, झिरकोनियाची.

"सोने की नहीं है?" आत्याने विचारलं.

डॉक्टर हसले. "आंटीजी, अब कौन लगवाता है? हीरोइन बनना है क्या?"

"बनवता येते की नाही, ते सांगा."

"बन तो जाएगी. लैब से कहना पड़ेगा."

मग मी बोलायला सुरुवात केली. झिरकोनियाची ताकद किती, त्याला तडा जायला लागला तर त्याचे स्फटिक फुगून तो तडा कसा दाबून धरतात, रंग दातासारखा कसा दिसतो. आत्या पर्सचा बंद धरून ऐकत होती. ती बधत नाही असं दिसल्यावर मी म्हणाले, "आणि सोन्यातून उष्णता भराभर जाते. गरम चहा प्यायलीस की दाढेत कळ येईल. चहा सोडणार आहेस का?"

डॉक्टर फोनवर कोणाला तरी वेळ देत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "असं का? मग राहू दे बापा. तुला कळतं ते बरोबरच असेल."

डॉक्टरांनी दाढ घासली, माप घेतलं, तात्पुरती कॅप बसवली. परत येताना स्कूटरवर, सिग्नलला थांबलो असताना, माझ्या लक्षात आलं. रूट कॅनाल झालेल्या दाढेत नस उरत नाही. कळ यायची तरी कशाला? आणि दुसरी गोष्ट तर मला आधीपासूनच ठाऊक होती: समोरच्या, वरच्या दाढेला सोनं फार सांभाळून घेतं, तिच्याबरोबरच झिजतं. ती मी बोललेच नव्हते, कारण माझ्या बाजूची नव्हती. एखाद्या पेपरात कोणी असं केलं असतं तर मी नाव घेऊन नावं ठेवली असती.

तरी मी गप्प बसले. झिरकोनियाही चांगलंच असतं, असं मनाला सांगितलं.

तिच्या घरी आत्याने मऊ भात आणि दही घेतलं. एका बाजूने चावत म्हणाली, "तुला वाटलं असेल, म्हातारीला या वयात नटायची हौस आली."

"तसं नाही गं."

"वाटलंच तुला. डॉक्टरलाही वाटलं." तिने ताट बाजूला सारलं. "खालच्या मजल्यावरच्या विनिताताई आठवतात?"

आठवत होत्या. होळीनंतर त्या गेल्या होत्या. मुलगा पुण्याला.

"सगळं होतं गं. तुळशीचं पान होतं, गंगाजल होतं. तोंडात ठेवायला सोन्याचा कण तेवढा नव्हता. कपाटाच्या किल्ल्या सापडेनात. त्यांच्या बोटातली अंगठी निघेना, कोणी साबण लावतंय, कोणी ओढतंय. मला बघवेना. मी वर धावले, माझ्या कुडीतला सोन्याचा मणी काढायला. तो निघता निघेना. खाली आले तर गाडीवाल्याने घाई करून त्यांना नेलंही होतं." "मुलगा असलेल्या बाईचं हे. माझ्या वेळी कोण किल्ल्या शोधणार? म्हटलं, तोंडातच असलेलं बरं. कोणाला काही मागायला नको, कोणी धावायला नको."

मी मूर्खासारखं म्हणाले, "पण कॅपचं सोनं शुद्ध नसतं आत्या. त्यात दुसरे धातू असतात."

"गुरुजी कॅरेट विचारत नाहीत." ती हसली, आणि गाल दुखला म्हणून लगेच थांबली. "जाऊ दे. तू आहेस ना इथे. तुझा बाप, विश्वास, थकला आता, पण तू आहेस. कपाटाच्या वरच्या खणात, डाव्या कोपऱ्यात डबी आहे, तिच्यात सोन्याचा मणी आहे. बघून ठेव."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी उठून खण उघडला आणि डबी बघून ठेवली.

पुढचे दिवस मी पुन्हा पुन्हा बाबांकडे जात होते. "चहाचं आणि जर्मनीचं तुम्हीच सांगा ना तिला."

"तुझ्यावर विश्वासून तिने हो म्हटलंय," बाबा म्हणाले. "मी काय सांगू?"

कॅप लॅबमधून आली तेव्हा आम्ही पुन्हा जवाहर चौकात गेलो. डॉक्टरांनी तात्पुरती काढली, नवी चढवून पाहिली, निळा कागद चावायला दिला, जरासं घासलं. खरोखर सुंदर बसली होती. शेजारची दाढ कोणती आणि ही कोणती, मलाही चटकन सांगता आलं नसतं.

"परफेक्ट," डॉक्टर म्हणाले. "अब पक्की कर दूँ?" आणि त्यांनी सिमेंटची ट्यूब उचलली.

"डॉक्टर, एक मिनट."

आत्या तोंड उघडं ठेवून माझ्याकडे वळली. गालात कापूस होता. तिला बोलता येत नव्हतं, आणि मी नेमकी तीच वेळ साधली, हेही नंतर माझ्या ध्यानात आलं.

"चहाचं मी सांगितलं ते चूक होतं," मी म्हणाले. "या दाढेत नसच नाही. कळ येणार नाही. सोनं चांगलं असतं, मला माहीत होतं. आणि मी ऑक्टोबरात जर्मनीला चाललेय. चार वर्षं. कदाचित जास्त. डबीचं तू मला सांगितलंस, पण मी इथे नसेन."

डॉक्टरांना मराठी जेमतेमच कळायची, पण त्यांनी ट्यूब खाली ठेवली.

आत्या दिव्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच बोटाने कापूस काढला.

"डॉक्टर साहब, इसी माप पे सोने की बन जाएगी?"

"बन जाएगी. पर आंटीजी, ये तो इतनी बढ़िया आई है—"

"बढ़िया है. पर मुझे सोने की लगेगी."

"इंदौर से बनेगी, टाइम लगेगा."

"अक्टूबर के बाद भी चलेगा," आत्या म्हणाली. "मुझे कहीं नहीं जाना."

डॉक्टरांनी तात्पुरती कॅप पुन्हा बसवली. ती पांढरी, बिनडाग कॅप ट्रेमध्येच राहिली.

परतीच्या वाटेवर ती स्कूटरवर मागे बसली. पूल उतरल्यावर तिने विचारलं, "विश्वासला माहीत होतं?"

"हो."

"तुझ्या आईला?"

"हो."

"म्हणजे मलाच नव्हतं." आवाजात राग नव्हता, कचेरीत एखादी नोंद तपासावी तसं तिने ते म्हटलं. मी आरशात बघितलं, पण आरशात तिचा फक्त खांदा दिसत होता.

"आत्या, मी सांगणारच होते. मला—"

"समोर बघून चालव."

रेल्वे लाइनजवळच्या भाजीवाल्यापाशी तिने थांबायला सांगितलं. दुधी घेतला, दोन पेंढ्या मेथी घेतली, हाताने दाबून टोमॅटो निवडले. तिथे थंडी फार असते का, एवढं एकच तिने विचारलं. मी म्हटलं, असते. एरवी मी किती असते तेही सांगितलं असतं.

पिशवी जड झाली होती. ती घ्यायला मी हात पुढे केला.

"राहू दे," आत्या म्हणाली, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन चालू लागली. "मला सवय असलेली बरी."