ताऱ्याचा दगड आणि सुताराचे डोळे

विद्यापीठाच्या वेधशाळेसमोरच्या माळावर ही झुंबड! काळ्या मंडपात ताराबाबाच्या तळहातावरचा दगड हिरवा उजळला आणि सगळ्यांचे हात आपसूक जोडले गेले.

"आकाशातून निखळलेला तारा! आंधळ्याला दृष्टी देतो! रोज उन्हात ठेवा, सूर्याची परवानगी लागते. आणि डॉक्टरी औषध बंद! ताऱ्याला सवत चालत नाही!"

तारे बघायला पर्यटक यावेत म्हणून आम्ही विद्यापीठवाल्यांनीच या गावातले रस्त्यावरचे दिवे झाकले, घरोघरी पाहुण्यांच्या खोल्या करवल्या, गावकऱ्यांना आकाश दाखवायला शिकवलं. गर्दी आली. गूळ दिसला, मुंगळाही आला.

आकाश दाखवणाऱ्यांत सर्वांत तयारीचा होता एक सुतार. त्याला काचबिंदू होता. त्याच्या बायकोनं, जिला आम्ही वहिनी म्हणायचो, त्याच्या डोळ्यांतले ड्रॉप्स कधीच थांबवले होते. ती रोज बाबाकडून विकत घेतलेला तसाच एक दगड त्याच्या डोळ्यांवर बांधायची. कळलं तसा मी धावत गेलो.

"वहिनी, हे काय केलंत?"

"मग काय करू, सर? डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येत नाही. बाबा म्हणतो, येते!"

मी तो दगड हातात घेऊन पाहिला. मग म्हणालो, "एवढंच करा. दगड उद्या उन्हात ठेवू नका. डब्यात बंद करा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरल्या मंडपात तिनं डबा उघडला. मिट्ट काळोख.

"तारा रुसला! तुझी श्रद्धा कमी पडली!" बाबा गरजला.

मी दगडावर टॉर्च मारला आणि बंद केला. दगड हिरवागार!

"बाबा, तुमचा तारा टॉर्चनं मनवता येतो की!" लोक हसले. "ही खेळण्यांना लावतात ती चमकती भुकटी. उजेड पिते, अंधारात ओकते. दगड रस्त्यावरचाच."

हशा ओसरला तेव्हा सुताराचा आवाज आला. "सर, पेटला का तो?"

दगड त्याच्या नाकासमोर होता.

बाबाला पोलिसांनी नेलं. सुताराचा एक डोळा पूर्ण गेला. दुसऱ्यात कडेला फटीएवढी नजर उरली, तीही औषध चालू राहिलं तरच टिकेल, असं डॉक्टर म्हणाले.

आता पाहुण्यांना आकाश वहिनी दाखवते. शेवटी प्रत्येक वेळी सांगते, "चमत्कार दिसला तर आधी तपासा. डॉक्टरांनी हात टेकले तर दुसरा डॉक्टर गाठा, पण बाबाकडे जाऊ नका. मी गेले, आणि यांची नजर गेली."