चहाच्या कपातले वाल

भात कापून झालं की आमच्या मुर्धा गावात सगळे एकाच दिवशी वाल पेरतात. एकट्याचंच शेत उगवलं तर सगळे पक्षी तिथेच उतरतात ना, म्हणून. पण यंदा दिवाळी उलटली तरी पाऊस जायचं नाव घेईना. पहिली पेरणी कुजली. मडक्यात राखेत घोळवून ठेवलेलं घरचं बियाणं निम्मंच उरलं. तेही कुजलं असतं तर आमचा वाल कायमचा संपला असता.

"सोमवारी सगले पेरतील, आपन पन पेरू," पप्पा म्हणाले.

"आणि परत पाऊस आला तर?"

"तं काय, शेत घरात आनू?"

"आणू की," मी म्हटलं.

शाळेतून येताना स्टेशनजवळच्या चहावाल्याकडे वापरलेले कागदी कप मागितले. पिशवी भरता भरता तो म्हणाला, "पार्टी है क्या?"

"हाँ, वाल की."

मुंग्या लागू नयेत म्हणून कप धुतले, बुडाला भोकं पाडली, माती भरली आणि पडवीत मांडले. शेजारच्या गोदूबाई मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"गो बाय, लावनी भाताची करतान. वालाची कोन करतंय? उद्या नारल पन कपात लावशील."

"त्याला मोठा कप लागेल, मावशी."

सोमवारी पप्पा मडकं घेऊन बांधापर्यंत गेले. सगळं गाव पेरत होतं. पप्पा आभाळाकडे बघत उभे राहिले, मग परत आले आणि मडकं माझ्या हातात दिलं.

"कुजलं तं तुजं नाव."

गुरुवारी पाऊस आला तो दोन दिवस हललाच नाही. शेतांत पाणी साचलं. आमच्या पडवीत मात्र कपाकपांतून वाल मान वर काढत होते.

ऊन पडल्यावर कपांची बुडं फाडून आम्ही रोपं शेतात लावली. सगळ्या शिवारात तेवढंच हिरवं, त्यामुळे पक्षी आलेच. मी उरलेले कप दोरीला बांधून शेतावरून ताणले. वाऱ्यात ते असे खडखडले की पक्षी थेट खाडीपलीकडे गेले. पप्पा बांधावर बसून हसत सुटले.

संध्याकाळी गोदूबाई मावशी पदरात ओंजळभर वाल घेऊन आल्या. "एवरंच रायलंय. कप हायेत काय गो?"

"संपले. उद्या शाळा सुटल्यावर चला माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना बघून चहावाला म्हणाला, "फिर पार्टी?"

मावशींनी दोन मोठ्या पिशव्या त्याच्यापुढे ठेवल्या. "हाँ. पूरे गाव की."