मागच्या दाराने गेलेली माणसं

"आधी बूट सांग," काका म्हणाले.

काकूंनी रिमोटचं बटण दाबून सिनेमा थांबवला, चष्मा वर सरकवला आणि पडद्यावरच्या माणसाच्या पायांकडे पाहिलं. काळे आहेत, म्हणाल्या. काळे म्हणजे कसले, लेसचे की बिनलेसचे, टोक गोल की निमुळतं, अशी काकांची सरबत्ती सुरू झाली. काकूंनी जमेल तशी उत्तरं दिली. ऐकून काका समाधानाने मागे रेलले.

"म्हणजे हा कामाला निघालाय. कर चालू."

काकांचा सगळा जन्म चपला-बुटांच्या दुकानात गेला होता. गिऱ्हाईक आलं की "बसा, बसा" म्हणत स्टूल पुढे करायचं, त्याच्यापुढे गुडघा टेकायचा, त्याचा पाय आपल्या मांडीवर घ्यायचा, आणि बूट चावला तर माफी आपण मागायची. दुकानातल्यांनी त्यांचं नावच 'बसाबसा' पाडलं होतं. घरात झुरळ निघालं तर ते कागदावर घेऊन बाहेर सोडणारा हा मऊ माणूस, पण सुट्टीच्या दिवशी त्यांना सिनेमे लागायचे ते सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्यांचे. भरधाव गाड्या, काचा फोडून आत घुसणारे लोक, आणि त्या सगळ्या धुमश्चक्रीत शर्टाची इस्त्रीही न मोडलेला एकटा माणूस. यात तुम्हाला काय मिळतं, असं काकूंनी एकदा विचारलं होतं.

"तो कुणाला बसा म्हणत नाही गं," ते म्हणाले होते.

त्या दिवसांत काकू स्वयंपाकघरात बसून राहत. गोळ्यांचे आवाज आले की जप थोडा मोठ्याने करत. मग काचबिंदूने काकांची नजर नेली. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं. उरलं ते दिवस आहे की रात्र एवढं कळण्यापुरतं. काका कुरकुरले नाहीत. ताटात पडेल ते जेवत, हाताला धरून नेलं तिथे बसत. रेडिओ लावला तर म्हणत, राहू दे. घरात एक माणूस जागच्या जागी विझत चालला होता आणि काकूंना ते बघवत नव्हतं. शेवटी एका दुपारी त्यांनी स्वतःच टीव्ही लावला, काकांच्या खुर्चीला खुर्ची भिडवली आणि सांगितलं, मी बघते, तुम्ही ऐका.

सिनेमा धावायचा आणि काकू चालायच्या, म्हणून दर दोन मिनिटांनी तो थांबवावा लागे. आता तो जिन्यावरून उतरतोय. आता काचेत बघून टाय नीट करतोय. दीड तासाच्या सिनेमाला दोन दुपारी लागत, पण काका पुन्हा बोलायला लागले होते. जेवताना कालच्या गाडीचा रंग विचारत. आणि काकूंनाही, कुणाला सांगायची सोय नव्हती, पण तो मारेकरी हळूहळू पटायला लागला होता. पहाटे उठायचा, अंथरुणाची घडी घालायचा, मोजकं खायचा, कामापुरतं बोलायचा. आपली हत्यारं पुसून रोज त्याच क्रमाने मांडून ठेवायचा. मेला नेमाचा आहे, असं त्यांच्या मनात येई, आणि लगेच त्या मनातल्या मनात जीभ चावत.

कारण 'मेला' हा शब्द काकूंना वर्ज्य होता. लेक लहान असताना तापाने फणफणली होती, डॉक्टरांनीही हात टेकले होते. तेव्हा काकूंनी देवापुढे नेम धरला की हिला राख, मी माझ्या तोंडातून कुणाचंही मरण काढणार नाही. लेक राहिली. नेमही राहिला. शेजारी कुणी वारलं तर काकू म्हणत, ते थकले. कुंडीतलं रोप वाळलं तर म्हणत, त्याचं मन लागेना. राग आला तरी कुणाला मेल्या म्हणाल्या नाहीत.

आता अशा बाईने सुपारीबाजाचा सिनेमा सांगायचा कसा? पहिल्याच दुपारी एक जण जिन्यात कोसळला तेव्हा काकू अडखळल्या आणि म्हणाल्या, तो मागच्या दाराने निघून गेला. काकांनी मान हलवली. मग तीच सवय पडली. ज्याला गोळी लागे तो मागच्या दाराने जाई. कुणी गच्चीवरून पडे, तर काकू म्हणत, तो खाली उतरला. एकाच सिनेमात एवढी माणसं मागच्या दाराने गेली की काका एकदा म्हणाले, "अगं, हा मारेकरी आहे की दरबान? सगळ्यांना वाट दाखवतोय." काकू हसल्या आणि बटण दाबलं. गोळ्या तर ऐकू येतात, मग यांना कळत असणारच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. काकांना वाटत होतं, मारेकऱ्याचाच नेम चुकतोय. सिनेमा नव्या तऱ्हेचा असेल.

दुकानातले गल्ल्यावर बसणारे जुने सोबती एका संध्याकाळी भेटायला आले. चहा झाला, गुडघेदुखी झाली, आणि मग गाडी सिनेमांवर आली. काकांचा चेहरा उजळला. परवाच तो अमुक सिनेमा पाहिला, म्हणजे हिने दाखवला, असं सांगून ते रंगात आले. मला आवडला तो त्याचा म्हातारा गुरू, म्हणाले. त्याने शिष्याला माफ केलं असणार, म्हणून तर गुपचूप मागच्या दाराने निघून गेला.

"कोण, तो म्हातारा?" गल्लेवाले हसले. "बसाबसा, अरे तो मेला की. पहिल्या अर्ध्या तासात. शिष्यानेच मारला, म्हणून तर पुढचा सगळा राडा. वहिनी, काय दाखवता काय याला?"

काकूंनी कपबशा उचलल्या. पाहुणे जायला निघाले तेव्हा सवयीने म्हणाले, "बसा की अजून." पण त्या आवाजात जीव नव्हता.

दार लागल्यावर काकू समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नेमाचं सांगायला सुरुवात केली, काकांनी हाताने थांबवलं.

"तुझा नेम मला ठाऊक आहे. मी कधी मोड म्हटलं नाही. पण मग बघते म्हणायचं नव्हतंस. डोळे गेले ते गेले. तू तर मला पाळण्यात घातलंस."

एवढंच. दुसऱ्या दुपारी काकूंनी रिमोट हातात घेतला, तर काका म्हणाले, राहू दे. तेच ते राहू दे. माणूस पुन्हा भिंतीकडे वळला होता, आणि या वेळी त्याला वळवलं होतं ते काकूंनीच.

त्यांनी लेकीला फोन लावला. सगळं ऐकून लेक आधी खो खो हसली. आई, माझे केस पिकले, मला चाळिशीचा चष्मा लागला, आणि मी अजून तुझ्या जिभेवर जगतेय होय, असं म्हणाली. आई हसत नाही हे लक्षात आलं, तेव्हा तिचं हसू ओसरलं.

"सोड आई," ती हळूच म्हणाली. "मला काही होत नाही. बाबांना बघ."

सोड म्हणणं सोपं होतं. संध्याकाळी दिवा लावून काकू देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. नेम मोडायचा नव्हता. मोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. अडीअडचणीला आणलेलं भांडं काम झाल्यावर घासून-पुसून परत करावं, तसा त्यांनी तो परत केला. लेकीला राखलंस, उपकार झाले, म्हणाल्या. आता जीभ मला माघारी दे. यांच्यासाठी हवी आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलंच नाही. त्या गुरू-शिष्याचाच सिनेमा पहिल्यापासून लावला आणि शेजारी बसल्या. जिना आला, माणूस आला, गोळीचा आवाज आला. काकूंनी बटण दाबलं.

"छातीत लागली," त्या म्हणाल्या. "पायरीवर बसल्यासारखा झाला आणि कलंडला. मेला."

शब्द घरात पडला आणि घर जागच्या जागी राहिलं. काकू उठल्या, फोनपाशी गेल्या. काय करतेस, विचारलं. भाजी चिरतेय, लेक म्हणाली, का गं? काही नाही, म्हणून काकूंनी फोन ठेवला आणि परत येऊन बसल्या. काकांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी हात चाचपत काकूंचं मनगट धरलं.

"ठीक आहे ना पोर?"

"ठीक आहे."

"मग कर चालू," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "गुरू आला की सांग. नीट सांग."

काकूंनी नीट सांगितलं. म्हातारा खिडकीशी बसला होता, हातात पेला होता, शिष्य आत आला तरी त्याने वळून पाहिलं नाही. त्याला ठाऊक होतं. शिष्याने पिस्तूल आधी खाली घेतलं, मग पुन्हा उचललं आणि झाडलं. म्हातारा मेल्यावर शिष्याने त्याच्या हातातला पेला काढून टेबलावर ठेवला, सांडू न देता. काका ऐकत होते. त्यांच्या न दिसणाऱ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती. किती देखणं, असं ते पुटपुटले. काकूंना आश्चर्य वाटलं, की आपल्यालाही ते तसंच वाटलं होतं.

त्या दिवशी त्यांनी सिनेमा एका बैठकीत संपवला. शेवटी मारेकरीही मेला, रस्त्याच्या कडेला, एकटाच, आणि काकूंनी तेही सांगितलं, काही न गाळता. मग नावं वर सरकत गेली आणि पडदा काळा झाला. खिडकीतून उन्हं तिरपी आली होती. त्या काळ्या काचेत खोली दिसत होती, दोन खुर्च्या, आणि त्यांच्यावरची दोघं.

"आता काय दिसतंय?" काकांनी विचारलं.

"एक म्हातारा आणि एक म्हातारी. शेजारी शेजारी बसलीयत."

"त्यांचं काय होतं?"

"मरतात," काकू म्हणाल्या. "पण आत्ता बसलीयत."

"मग बसू दे," काका म्हणाले.