चाळिसाव्या दिवशी पुसलेलं नाव

घरचे कर्ते फिक्री वारून चाळीस दिवस झाले होते. इजिप्तमधल्या तांता शहरातल्या त्यांच्या दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बिनसाखरेच्या कॉफीचे पेले हातातच निवत होते आणि सगळे टीव्हीकडे टक लावून बसले होते. कालपर्यंत मॅच दाखवणारी सेवा लावली की त्यावर 'स्वागत आहे, फिक्री' अशी अक्षरं उमटत. आज, नेमक्या चाळिसाव्या दिवशी, ती नाहीशी झाली होती.

"आत्मा गेला, पण रागावून गेला," जिन्न उतरवायला बोलावलेला शेख मुतवल्ली डोळे मिटून म्हणाला. "आता यंत्रात जिन्न बसलाय. त्याचं नाव मला कळलं, त्याच्या आईचंही कळलं. या घरात शेवटी आलेल्या बाईच्या पावलांनी तो आलाय. ती जाईल तेव्हा तो जाईल."

शेवटी आलेली बाई म्हणजे सून नग्ला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. वगदी गालिच्याची नक्षी न्याहाळत बसला होता.

"थोडे दिवस माहेरी जाऊन ये, पोरी," सासू इहसान डोळे पुसत म्हणाली.

"जाते, आई. आधी दहा मिनिटं द्या." टीव्हीसाठी सॉफ्टवेअर लिहिणं ही नग्लाची रोजची नोकरी होती. तिनं त्या सेवेत स्वतःचा मोबाइल नंबर घातला, नावाच्या जागी शेखचं नाव लिहिलं. 'स्वागत आहे, शेख मुतवल्ली.' शेखची कळी खुलली. मग तिनं टीव्हीची तारीख एकेचाळीस दिवस पुढे ढकलली, टीव्ही बंद करून पुन्हा लावला. नाव गायब.

"शेखसाहेब, तुम्हीही गेलात वाटतं. रागावून की खुशीत?"

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं.

"जिन्न लबाड असतो. नावं खातो," शेख म्हणाला.

"मग आता खायला लावा." तिनं तारीख पूर्ववत केली, नाव परत आणलं. "मी हात लावत नाही. तुम्ही घालवून दाखवा."

शेखनं मंत्र पुटपुटले, फुंकर घातली, पाणी शिंपडलं. दाढी घामानं भिजली, पण अक्षरं जागची हलली नाहीत.

"नंबर घातला की ती सेवा टीव्हीजवळ एक चिठ्ठी ठेवते," नग्ला सासूला म्हणाली. "आम्ही तिला कुकी म्हणतो. या सेवेच्या चिठ्ठीची मुदत चाळीस दिवस. मुदत संपली की टीव्ही ती टाकून देतो आणि नाव विसरतो. बाबांनी गेले त्याच सकाळी मॅचसाठी नंबर घातला होता. आठवडाभर आधी घातला असता, तर नाव तेहेतिसाव्या दिवशी गेलं असतं. शेखनी त्यालाही जिन्न शोधला असता."

"म्हणजे ते रागावले नव्हते?"

"नाही, आई."

इहसाननं उठून दार उघडलं. शेख चपला शोधत बाहेर पडला, आणि त्याच्या पाठोपाठ नजर चुकवत शेजारीही. वगदी नग्लाजवळ येऊन काहीतरी पुटपुटू लागला.

"मला सॉफ्टवेअर कळतं म्हणून मी वाचले," ती म्हणाली. "तुला ते कळायची गरज नव्हती. माझ्यावर आळ घेतला गेला, तेव्हा 'कशावरून?' एवढं विचारलं असतंस तरी पुरलं असतं."