ऐंशीवर येणारं भूत

मुलांनो, समजा, तुम्ही आत्ता मांजरसुंब्याजवळच्या एका गावात चिंचेखाली उभे आहात. ऊन मी म्हणतंय. समोर आठ दिवसांपूर्वी आलेली पांढरीशुभ्र गाडी, भोवती अख्खं गाव आणि मधोमध एक बाई. तिच्याकडे नीट बघा. ती मुक्ताबाई. नवरा वारल्यापासून भावाच्या घरी राहते, त्याच्या म्हशी सांभाळते. तिला त्या घरातून हाकलायचं की नाही, ते आज ठरणार आहे. लोक खेळ बघायला आलेत. काहींनी तर सोबत भुईमुगाच्या शेंगा आणल्यात.

गाडी तिच्या भावाची, गहिनीनाथ मुकादमाची. पूजा धर्मराज महाराजांनी केली होती. एकेका चाकापाशी मांडी घालून, चाकाच्या जाळीत हात घालून ते बराच वेळ मंत्र पुटपुटले होते. दुसऱ्याच दिवशी हायवेवर गाडी थरथरू लागली. स्टेअरिंग हातात नाचायचं, सीट हलायची. कोरी गाडी! पण शोरूमवाल्याला विचारायचं सोडून गहिनीनाथ महाराजांकडे धावला.

"गाडी थरथरती म्हंजे काय?" महाराज डोळे फिरवत म्हणाले. "भ्याली! यंत्राला बी जीव असतो, मुकादम. कुणाची तरी नजर तिच्या मानंवर बसली."

"गाडीला मान कुठं असती, महाराज?" मागून सटवा ट्रकवाल्यानं विचारलं. लोक हसले. महाराज हसले नाहीत.

मग चमत्कार झाला. महाराजांच्या चेल्यानं मुक्ताबाईला बसवून गाडी हायवेवर नेली, तर ती थडथडली. तिला उतरवून पुन्हा नेली, तर गाडी लोण्यासारखी. दोन्ही वेळा गहिनीनाथ आणि त्याची सातवीतली लेक राजनंदिनी मागे बसले होते.

आता महाराजांनी मुक्ताबाईचं गाठोडं स्वतःच्या हातानं झटकलं. लुगड्यांतून करड्या धातूच्या चार वड्या खाली पडल्या. त्यांवर आकडे होते. पाच, पाच, पाच, दहा.

"करणी!" महाराज गरजले. "पाच म्हंजे पंचमहाभूतं. दहा म्हंजे दाही दिशा बांधल्या हिनं! ही घरात नको आणि गाडी तीन रात्री माझ्या मठात ठेवा. दोष उतरवून देतो."

"म्या न्हाई बघितलं हे कधी," मुक्ताबाई म्हणाली. "दादा, तुझ्या लेकीची आण."

"खरी असशील तर सायलेन्सरला हात लाव. खऱ्याचा हात पोळत न्हाई."

गाडी नुकतीच पळून आली होती. मुक्ताबाईनं भावाकडं बघितलं. भावानं गाडीकडं बघितलं. मग दोन बायांनी तिचं मनगट धरलं आणि हात नळीवर दाबला.

ती ओरडली. शेंगा खाणारा एक जण म्हणाला, "पोळला! म्हंजे खोटीच हाय."

राजनंदिनीनं धावत जाऊन पाण्याची बादली आणली आणि आत्याचा हात आत बुडवला.

"पाण्यानं पाप धुतलं जात न्हाई, बाळ," महाराज म्हणाले.

"न्हाई, पण आग कमी होती," ती म्हणाली. मग वळून बापाला विचारलं, "आत्या बसली तवा काटा ऐंशीवर होता. ती उतरल्यावर पन्नासच्या वर गेलाच न्हाई. असं कावून?"

"तुला काय कळतंय गं!" चेला खेकसला.

"मग बिगर आत्याची ऐंशीवर पळवा की," सटवा म्हणाला. "मी चालवतो." लोकांना आणखी खेळ हवाच होता. "होऊ द्या!" ते ओरडले.

सरळ, मोकळ्या रस्त्यावर सटवानं गाडी ऐंशीवर नेली. आत आत्या नव्हती. गाडी थडथडली.

"बाई उतरली, सावली राहिली," शेजारी बसलेले महाराज घाईनं म्हणाले.

"सावली काटा बघून बसती का?" मागून राजनंदिनी म्हणाली. "सटवाकाका, गिअर बदला." चौथा काय, पाचवा काय, ऐंशीला थरथर तीच. "आता न्यूट्रल करा." सटवानं क्लच दाबून न्यूट्रल केलं. इंजिनाचा आवाज एकदम पडला. थरथर मात्र तशीच!

"मग दोष इंजिनात न्हाई. जे चाकासंगं फिरतं, त्यात हाय."

गावात परतल्यावर ती पुढच्या चाकापाशी मातीत बसली आणि जाळीतून डोकावली. आत सगळीकडं धूळ होती, फक्त चार चौकोन कोरे होते. त्यांवर डिंकाचा चिकटा होता. तिनं वड्या उचलून त्या चौकोनांवर ठेवल्या. नेमक्या बसल्या.

सटवानं कपाळावर हात मारला. "आयला, ही तर चाकाची वजनं! पाच म्हंजे पाच ग्रॅम. टायरवाला चाक तोलून चिकटवतो. महाराज, पूजा करताना तुमीच उपटली की ओ!"

कपडे धुण्याच्या यंत्रात ओले कपडे एका बाजूला गोळा झाले, की यंत्र कसं नाचतं? तोल गेलेलं चाक तसंच. हळू फिरताना गप्प असतं, जोरात फिरलं की थडथडतं. गाठोडं झटकताना वड्या महाराजांनीच हळूच त्यात सोडल्या होत्या. मठात तीन रात्रींत त्या परत चिकटल्या असत्या आणि महाराजांचा जयजयकार झाला असता. बळी म्हणून त्यांनी अशी बाई निवडली होती, जिच्या बाजूनं कुणी बोलणार नव्हतं.

म्हणून सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. बाई बदलली आणि वेगही बदलला, तर दोष कुणाचा ते कधीच कळत नाही. हे कळायला शाळेतली अक्कल पुरते. फक्त ती वापरावी लागते.

गावानं ती वापरली नाही. आता त्यांनी महाराजांना धरलं. "ह्याचाबी हात लावा सायलेन्सरला!"

"त्याचाबी पोळंल!" राजनंदिनी ओरडली. "खऱ्याचा पोळतो, खोट्याचा पोळतो. लोखंडाला काय कळतंय? पोलिसांना बोलवा."

लोक हिरमुसले. गहिनीनाथ खाकरला. "चल मुक्ते, झालं गेलं. च्या टाक."

मुक्ताबाईच्या तळहाताला फोड आले होते. राजनंदिनीनं बापाच्या हातातली किल्ली घेऊन सटवाला दिली. ओढणी भिजवून आत्याच्या हातावर ठेवली, तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे बसली.

"दवाखान्यात चला, काका," ती म्हणाली. "काटा साठच्या आत ठेवा."