आधी फ्यूज बघ

पार्किंगच्या रिकाम्या कोपऱ्यात उभ्या उभ्या सुनेने बॅटरी तपासायच्या मीटरची लाल पिन हवेत डावीकडे धरली, काळी उजवीकडे धरली आणि खांद्याने कानाशी दाबलेल्या फोनमध्ये सांगितलं,

“लावल्या, बाबा.”

“लाल पिन प्लसला ना?”

“हो, प्लसलाच.”

खोटं बोलताना माणूस हात कशाला हलवतो, देव जाणे. फोनवरून काही दिसणार नव्हतं. तरी ती बॅटरीच्या उंचीपर्यंत बेताने वाकली होती. समोर भिंत, भिंतीवर खिळ्याला टांगलेला चार्जर, त्यातून निघालेल्या दोन वायरी आणि वायरींच्या टोकांचे चिमटे फरशीवर तोंड वासून पडलेले. मोटरसायकल नव्हती. ती जिथे उभी असायची तिथे तेलाचा एक डाग तेवढा राहिला होता.

सासरे वर, दुसऱ्या मजल्यावर, पलंगावर होते. बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, पण डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन म्हणाले, “आता यांनी दुचाकी विसरायची.” मुलाने हे वडिलांना सांगायचं सोडून मोटरसायकललाच सांगितलं. वडील दवाखान्यात असतानाच ऑफिसमधल्या एकाला ती देऊन टाकली. बाबांना कोण सांगणार, असं बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “जरा हिंडूफिरू लागले की सांगू.” यातला ‘सांगू’ कोणाच्या वाट्याला येणार हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. तो कामासाठी आठवड्यातले पाच दिवस परगावी. करून गेला तो, निस्तरत बसली ही.

आणि आता तर सांगायची सोयच उरली नव्हती. सासरे व्यायामाला तयार नव्हते. व्यायाम घेणाऱ्या बाईंना त्यांनी पहिल्या दिवशी स्वतः भिंतीकडे तोंड फिरवून पाठीशीच बोलायला लावलं. शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, “आजोबा, पलंगापासून खिडकीपर्यंत चाला. मग जिना. जिना जमला की खाली तुमची गाडी आहेच.” म्हाताऱ्याने त्याच क्षणी तोंड फिरवलं. त्या दिवसापासून ते घाम गाळत, दातओठ खात, वॉकर पुढे सरकवत होते. निम्म्या खोलीपर्यंत येत आणि परत फिरत. खिडकी अजून लांब होती, हे सुनेच्या पथ्यावर पडलं होतं. कारण खिडकीतून पार्किंगचा हा कोपरा सरळ दिसतो.

पण रोज सकाळी ती कामाला निघाली की फोनवर प्रश्न ठरलेला.

“चार्जरचा दिवा?”

“हिरवा, बाबा.”

सहा आठवडे हिरवा. मग परवा घाईत तिने भिंतीकडे खरंच पाहिलं आणि फोनवर बोलून गेली, “लाल आहे, लुकलुकतोय.” गाडीबद्दल न चुकता थाप मारणारी बाई, दिव्याबद्दल मात्र खरं बोलून बसली. झालं!

सासऱ्यांची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीच्या खोलीत गेलेली. शहराची वीज गेली तरी लोकांचे फोन चालू राहत, ते यांच्या जिवावर. आणि हे कोणाच्या गावीही नसे. लाल दिवा ऐकताच त्यांच्या गालांवर रंग आला. त्यांनी उशी पाठीशी घेतली.

“आधी सोपे दोष बघायचे. आधी फ्यूज बघ.”

फ्यूज तिने खरोखर बघितला, ठणठणीत होता. सॉकेटला स्वतःच्या मोबाइलचा चार्जर लावून पाहिला; तोही चालला. खरं बोलता येत होतं तोवर तिला बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, “बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी पूड धरलीय का?” ती म्हणाली, “थोडीशी.” “मग घास.” म्हणून आज, बुधवारी आलेल्या सुट्टीच्या दिवशी तिने खाली येऊन पॉलिश पेपरने भिंतच घासली, आवाज पोचावा म्हणून. शेजारची बाई पाण्याचा पंप चालू करायला आली होती, ती थोडा वेळ बघत उभी राहिली आणि काही न विचारता गेली.

“किती दाखवतोय?” फोनमधून आवाज आला.

मीटर शून्य दाखवत होता. पण नवऱ्याने आदल्या दिवशी फोनवर पढवून ठेवलं होतं : ‘तेरा पॉइंट काहीतरी सांग.’

“तेरा पॉइंट चार.”

“छान. आता चार्जर काढ. थोडा वेळ हेडलाइट लाव, मग बंद कर. मग बस जरा. बॅटरीला निवू दे. परत मोज.”

ती जिन्याच्या पायरीवर बसली. नसलेली बॅटरी निवेपर्यंत ती फोनच्या कव्हरची कड कोथिंबिरीसारखी खुडत राहिली. मग उठून पुन्हा वाकली, पुन्हा पिना धरल्या.

“तेरा पॉइंट चार.”

“तेवढंच?”

“तेवढंच, बाबा. जरासुद्धा उतरली नाही,” ती अभिमानाने म्हणाली.

पलीकडे शांतता पसरली. चार्जर काढला की चांगल्यातली चांगली बॅटरीसुद्धा थोडी उतरते, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. तिला फक्त वाटलं, फोन कट झाला.

“बाबा?”

“हॉर्न वाजव.”

“आत्ता? लोक झोपले असतील.”

“अकरा वाजलेत, सूनबाई. या वेळी झोपलेल्यांना उठवलेलंच बरं.”

त्या मोटरसायकलला सासऱ्यांनी हौसेने दोन भोंग्यांचा जाड आवाजाचा हॉर्न बसवून घेतला होता. गल्लीतली पोरं त्याला रेडा म्हणत. आता रेडा कुठून आणायचा? तेवढ्यात फाटकातून एक कुरिअरवाला स्कूटरवरून आत आला. तिने फोनवर तळवा दाबला आणि त्याच्याकडे धावली.

“दादा, जरा हॉर्न वाजवता का?”

“कोणाला बोलवायचंय, ताई?”

“कोणाला नाही. नुसता वाजवा.”

“नुसता कसा?”

“सासऱ्यांसाठी,” ती म्हणाली. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

कुरिअरवाल्याच्या घरीही कोणीतरी सासरे असावेत. त्याने पुढे काही विचारलं नाही. तिने तळवा काढला, त्याने बटण दाबलं.

पींप.

एवढ्याशा आवाजाला रेडा म्हणायचं म्हणजे पिपाणीला नगारा म्हणायचं. फोनमध्ये पलंग करकरला, वॉकर जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला, मग आणखी एकदा, मग काही तरी धाडकन पडलं.

ती जिन्यावरून कशी वर गेली, तिचं तिला कळलं नाही.

पलंग रिकामा होता. वॉकर खोलीच्या मधोमध आडवा पडला होता. सासरे खिडकीशी उभे होते, दोन्ही हातांनी गज धरून, एकटे. पायजम्यातले पाय थरथरत होते. ते खाली बघत होते.

ती दारातच थांबली. पुढे जाऊन धरावं, की आधी काही बोलावं, हे तिला ठरवता येईना. हातातल्या मीटरच्या वायरी तिने उगाचच गुंडाळायला घेतल्या.

“कोणाला दिली?” त्यांनी मागे न वळता विचारलं.

“यांच्या ऑफिसातल्या एकाला.”

“चालवता येते ना त्याला?”

“माहीत नाही, बाबा.”

“चार्जर मागून न्यायला हवा होता त्याने. उभी गाडी बिघडते.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “तो स्कूटरवाला अजून वर बघतोय. त्याला चहा तरी विचारलास का?”

“नाही विचारला.”

“एवढं काम केलं बिचाऱ्याने.”

ती जवळ गेली. “तुम्हाला हॉर्नवरून कळलं?”

“हॉर्नवरून खात्री झाली. कळलं परवाच. चिमट्यांत बॅटरी नसली की तो दिवा तसा लुकलुकतो.”

“मग हे सगळं मला कशाला करायला लावलंत? भिंत घासली मी, बाबा. लोक वेडी म्हणतील मला.”

खाली तेलाचा डाग होता त्यावर त्यांची नजर होती.

“वाटलं, फ्यूज असेल,” ते म्हणाले.

तिने वॉकर उचलून त्यांच्याजवळ आणून ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. ते आता पलंगावर जाऊन पडतील, भिंतीकडे तोंड करतील आणि परत उठायचे नाहीत, हे तिला स्वच्छ दिसत होतं. बाईंना उद्या काय सांगायचं, याची जुळवाजुळव तिने मनात सुरूही केली.

“नवऱ्याला फोन लाव तुझ्या.”

“बाबा, त्यांना रागावू नका. त्यांनी तुमच्याच काळजीने…”

“रागावतोय कुठे? चार्जर दुरुस्त झाला, असं सांगतो. सूनबाईने केला. बॅटरी तेरा पॉइंट चार, हॉर्न फर्स्ट क्लास. शनिवारी येतोस तेव्हा गाडी काढ आणि मला मागे बसवून एक चक्कर मार, म्हणतो.”

ती बघतच राहिली.

“रोज तू एकटीने का खोटं बोलायचं? त्यालाही जरा बोलू दे की,” ते म्हणाले. त्यांच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. “जिना उतरून मी स्वतः खाली येतो, म्हणतो. त्याचं तोंड बघायचंय मला.”

तिने नंबर लावला. फोन कानाशी धरला तेव्हा तिचे खांदे हसण्याने गदगदत होते.

“वाजतोय,” ती म्हणाली.

“वाजू दे,” म्हणत त्यांनी एक हात गजावरून काढला आणि फोनसाठी पुढे केला.