जावईबापूंचा तक्ता

चौतीस वर्षं मी हॉस्पिटलात काढली, त्यातली शेवटची बारा मोठी सिस्टर म्हणून. माणसाच्या शरीरातून जे काही बाहेर पडतं ते सगळं मी पाहिलंय, मोजलंय आणि लिहून ठेवलंय. त्यामुळे मला कशाची लाज उरलेली नाही. माझा जावई मात्र शिंक आली तरी दुसऱ्या खोलीत जातो. असा माणूस आणि मी एका घरात, आणि त्या घरात संडास एकच.

निवृत्त झाले तशी लेकीने मला तिच्याकडे आणलं. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, जावईबापू सकाळी पावणेसहाला आत जातात ते साडेसहाला बाहेर येतात, आणि बाहेर येताना चेहरा नापास झाल्यासारखा. लेकीला विचारलं.

"आई, तू यात पडू नकोस," ती म्हणाली. "त्याचं लहानपणापासून तसंच आहे."

पडू नकोस म्हटल्यावर गप्प बसणारी असते तर मी मोठी सिस्टर झालेच नसते.

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्याचं मोठं आतडं चारचौघांपेक्षा बरंच लांब आहे. पोटात मावावं म्हणून त्याने वेटोळी घातलीत, डावीकडे तर दोन. त्यातून पुढे सरकायला अन्नाला इतका वेळ लागतो की चार-चार, पाच-पाच दिवस काही होत नाही. पाच वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी फोटो काढून हे सांगितलं होतं, पावडरही दिली होती. ती महिनाभर घेतली आणि मग स्वारी तिकडे पुन्हा फिरकली नाही. का, तर तिथल्या काउंटरवरच्या मुलीने सगळ्या रांगेसमोर विचारलं होतं, "पोट साफ होत नाही ते तुम्हीच ना?" तेव्हापासून हा माणूस टम्म फुगलेल्या पोटावर पट्टा आवळून लिफ्ट दुरुस्त करायला जात होता.

मला तो पहिल्या दिवसापासून आवडतो, हे सांगून टाकते. एकदा आमच्याच इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये एक बाई अडकली. हा जेवणावरून उठला, कामावरच्या जोडीदाराला फोन करून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पाठवलं आणि स्वतः लिफ्टच्या दाराशी फरशीवर बसून त्या बाईशी वीस मिनिटं तिच्या मांजराबद्दल बोलत राहिला. बाई बाहेर आली ती हसतच. अशा माणसाचं पोट दुखावं आणि मी हातावर हात धरून बसावं, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

मग मी तक्ता केला. वॉर्डात असतो तसाच, पट्टीने आखलेला. तारीख, वेळ, झालं की नाही. संडासाच्या दाराला आतून चिकटवला आणि शेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधली.

"जावईबापू, तोंडाने काही सांगायला नको," मी म्हटलं. "झालं तर बरोबरची खूण करायची, नाही झालं तर फुली. बाकी माझ्यावर सोडा."

तो कानापर्यंत लाल झाला, पण "बरं आई" म्हणाला. तो मला नाही म्हणतच नाही, हीच तर भानगड झाली.

मी त्याच्या खाण्यात कोंडा घातला. भिजवलेले मनुके, अंजीर, ताटभर पालेभाजी, वर पुन्हा कोंडा. पहिले पाच दिवस फुल्याच. मी कोंडा वाढवला. सहाव्या दिवशी बरोबरची खूण! सातव्या दिवशी पुन्हा. त्यानंतर रोज. तक्ता वाचून मी स्वयंपाकघरात यायचे ती अशी की लेक म्हणायची, "आई, लॉटरी लागली का तुला?" शेजारणीलाही सांगून झालं माझं. डॉक्टरांना पाच वर्षांत जमलं नाही ते मी दोन आठवड्यांत करून दाखवलं, अशी हवा डोक्यात गेली होती.

सलग अकरा खुणा झाल्या त्या दिवशी दुपारी त्याच्या जोडीदाराचा फोन आला. मशीनच्या खोलीत पोट धरून खाली बसलाय, उठता येत नाहीये, उलटी झाली. लेक कामावरून निघेपर्यंत मी रिक्षा करून हॉस्पिटलात पोचलेही होते.

तपासणारी डॉक्टर माझ्या लेकीपेक्षा लहान. तिने त्याला विचारलं, "पोट शेवटचं कधी साफ झालं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, लाजला. म्हणून मीच बोलले.

"आज सकाळी. रोज होतं. सलग अकरा दिवस, माझ्याकडे लिहिलेलं आहे. मी स्वतः मोठी सिस्टर होते."

मोठी सिस्टर म्हटल्यावर तिने विश्वास ठेवला. पुढचा तासभर मुतखड्याच्या शोधात गेला. तो कळा सोसत पडून राहिला आणि तरीही एक शब्द बोलला नाही. शेवटी पोटाचा फोटो आला. तिने तो उजेडावर धरून मला जवळ बोलावलं.

"आजी, हे काही रोज पोट साफ होणाऱ्या माणसाचं आतडं नाही. गच्च भरलंय. दोन आठवडे तरी झाले असतील."

आजी म्हणाल्याचा रागसुद्धा आला नाही मला. माझ्या डोळ्यांपुढे त्या अकरा खुणा आल्या. सगळ्या एकाच तिरक्या वळणाच्या, सगळ्या सहा वाजून वीस मिनिटांच्या. शिकाऊ मुली एका जागी बसून अख्ख्या वॉर्डाचा ताप मनानेच लिहायच्या, तेव्हा मी ते कागद नुसते लांबून पाहून ओळखायचे. खऱ्या माणसाचा तक्ता इतका नीटनेटका कधी नसतो, असं सांगून मी कितीतरी पोरींना रडवलंय. आणि माझ्या घरात, माझ्याच माणसाचा खोटा तक्ता मी रोज चष्मा लावून वाचत होते आणि खूश होत होते.

डॉक्टरने आडपडदा ठेवला नाही. "आतडं अजून पिळलेलं नाही, नशीब समजा. इतकं लांब आतडं भरून जड झालं की स्वतःभोवती पीळ घेऊ शकतं, आणि मग जिवावर बेततं. कोंडा आधी बंद करा, यांच्या आतड्यात तो नुसता साचतोय. रोज झालंच पाहिजे असंही नाही. दोन दिवस नाही झालं तरी चालेल. पण तिसरा दिवस कोरडा गेला की त्यांनी सांगायचं आणि लगेच रोजच्या पावडरीचं माप वाढवायचं. लपवायचं नाही. ऑपरेशन टळणार असेल तर एवढ्यानेच टळेल."

दोन दिवस एनिमा आणि सलाईन चालले. तिसऱ्या सकाळी त्याचं पोट मऊ झालं, चेहऱ्यावर रंग आला. लेक खाली औषधं आणायला गेली होती. मी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. विचारायचं ठरवून ठेवलेलं सगळं शांतपणे विचारणार होते, पण तोंडातून भलतंच निघालं.

"गाढवा, मेला असतास ना!"

तो जावई झाल्यापासूनच्या सहा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं होतं.

"तुम्ही बाहेर उभ्या असायचात," तो हळूच म्हणाला. "तुमच्या चपला ऐकू यायच्या. फुली दिसली की तुमचा चेहरा पडायचा. इतकं निवडून, चिरून, भिजवून घालताय आणि मला एवढंही जमू नये, असं वाटायचं. मग एक दिवस केली खूण. तुम्ही इतक्या खूश झालात, गाणं म्हणत पोळ्या लाटल्यात. दुसऱ्या दिवशी फुली कशी करू?"

मला रडू आलं. वॉर्डात मी कधी रडले नाही, आता रडले. ह्या येड्याने मला बरं वाटावं म्हणून स्वतःचं पोट फुटायची वेळ आणली होती, आणि त्याला तिथवर माझ्या कौतुकाच्या हौसेनेच नेलं होतं.

घरी आल्यावर तक्ता काढून टाकला. लेकीने मला बजावलं, "आता तू काही विचारायचं नाहीस. सांगायचं तर तो सांगेल." हे माझ्यासारखीला सांगणं सोपं आहे. एक आठवडा गेला, दोन गेले, पाच गेले. तो संडासातून यायचा, चहा प्यायचा, कामावर जायचा. मी सकाळी मुद्दाम बाल्कनीत जाऊन बसायचे, म्हणजे माझ्या चपला नकोत आणि माझा चेहराही नको. तो काही बोलत नव्हता. सगळं ठीक होतं म्हणून गप्प होता की पुन्हा लपवत होता, हे मला कळायला मार्ग नव्हता. पट्टा कुठल्या भोकात लावलाय हे मी चोरून बघायचे. त्याने 'तिसरा दिवस' हे दोन शब्द तोंडाने उच्चारले नाहीत, तर आपण पुन्हा त्याच फोनची वाट बघत बसलोय, एवढंच डोक्यात असायचं.

एका रविवारी त्याचे साहेब आणि त्यांची बायको जेवायला आली. लेकीने नवीन ताटं काढली होती. साहेब लिफ्टच्या नव्या मोटरींबद्दल रंगात येऊन सांगत होते, त्यांची बायको भाजीची कृती विचारत होती. तेवढ्यात जावयाने चमचा खाली ठेवला. कान लाल, पण मान वर.

"आई, आज तिसरा दिवस आहे," तो म्हणाला.

"कशाचा?" साहेबांच्या बायकोने विचारलं.

"पोट साफ न झाल्याचा," तो म्हणाला. "माझं आतडं जरा लांब आहे. तिसऱ्या दिवशी आईंना सांगायचं असतं."

लेक ताटात बघत होती. मी उठले, ग्लासभर पाण्यात दोन माप पावडर ढवळली आणि आणून त्याच्या हातात दिली. त्याने ती सगळ्यांसमोर एका दमात पिऊन टाकली. "शाब्बास रे माझ्या राजा!" मी मोठ्याने म्हणाले, तशी लेकीने टेबलाखालून मला लाथ मारली. मारू दे. इतकी वाईट बातमी ऐकून मला जन्मात इतका आनंद झाला नव्हता.